तरफेची तार

शालनआत्तीनं आयुष्यात डझनभर तरी बाळंतपणं काढली असतील. त्यातलं एकही तिचं स्वतःचं नव्हतं. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी नवरा गेला आणि ती मिरजेला भावाच्या घरी परत आली. तेव्हापासून घरात, भावकीत, शेजारात कुणाला दिवस गेले की सातव्या महिन्यातच निरोप यायचा, "शालनला सांगून ठेवा." तिचा शेक, तिनं बांधलेलं पोट आणि तिच्या हातचे डिंकाचे लाडू यांचं पंचक्रोशीत नाव होतं. पुढं काळ बदलला. बाळंतिणी आठवड्याच्या आत घराबाहेर पडायला लागल्या, शेगडी माळ्यावर गेली. पंचाहत्तरी उलटली तेव्हा आत्तीला वाटलं, आता आपलं काम संपलं.

आणि मग एका संध्याकाळी केतकी, तिच्या भावाची मुलगी, चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "आत्ती, माझं ऑपरेशन ठरलंय. सोबतीला राहशील?"

"कसलं ऑपरेशन?"

"कातडीचं."

केतकी चाळिशीला टेकलेली. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात इंजिनिअर, लग्न केलेलं नाही. आईवडील गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आत्ती आणि भाची दोघीच राहत होत्या. केतकी लहानपणापासून अंगानं थोर. दोन वर्षांपूर्वी तिनं जठराचं ऑपरेशन करून घेतलं, नव्या औषधाची इंजेक्शनं घेतली आणि बघता बघता निम्मी झाली. गल्लीतल्या बायका थांबवून थांबवून विचारायच्या, काय खातेस, काय खात नाहीस.

"वजन उतरलं ना?" आत्ती म्हणाली. "मग आता अंगावरचं कापून कशाला घ्यायचं? दिसण्यासाठी?"

केतकी उठली, दार लावलं आणि कुडता वर केला.

आत्तीनं या पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं, पण गेल्या पंचवीस वर्षांत तिचं पोट पाहिलं नव्हतं. कमरेभोवती कातडी लोंबत होती, वाळत घातलेल्या ओल्या गोधडीसारखी. केतकीनं ती दोन्ही हातांनी उचलली. खाली लालभडक, सोललेलं होतं आणि त्याला मलमाचा वास येत होता.

"पावसाळाभर हे चिघळतं. आणि टाकीच्या शिडीवर चढताना ही एका हातानं धरावी लागते. गेल्या महिन्यात पाय सटकला माझा. खाली माणसं होती म्हणून वाचले."

आत्तीनं कुडता खाली ओढला, लहानपणी ओढायची तसाच.

"कधी आहे?" तिनं विचारलं.

डॉक्टर नसीमा मुजावर वयानं केतकीएवढ्याच, पण बोलणं जुन्या शाळामास्तरणीसारखं. काही झाकायचं नाही, काही वाढवायचं नाही. केतकीचा धाकटा भाऊ ओंकार बंगळूरहून मुद्दाम आला होता. तिघंही त्यांच्यासमोर बसली.

"कमरेभोवती पूर्ण वेढा घेऊन जादा कातडी काढायची आणि वरची खाली ओढून शिवायची," डॉक्टर म्हणाल्या. "काम मोठं आहे. रक्तस्राव होऊ शकतो. कातडीखाली पाणी साठू शकतं, ते काढावं लागतं. टाके उसवू शकतात. पायाच्या शिरेत गुठळी झाली आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, म्हणून लगेच उठून चालायला लागायचं. डाळी, अंडी, दूध पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर जखम भरायला अंगात ऐवज राहत नाही. आणि वण राहणार. करगोट्यासारखा, जन्मभर."

"आणि एवढं सोसून?" आत्तीनं विचारलं.

"एवढं सोसून यांना दोन्ही हातांनी शिडी धरता येईल."

आत्तीला बाई आवडली.

"पण घरी गेल्यावरची मला जास्त काळजी वाटते," डॉक्टर पुढं म्हणाल्या. "कातडी उचलताना तिच्यातल्या बारीक नसा तुटतात. त्या परत वाढतात, पण दिवसाकाठी जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढ्या. तोवर ती कातडी जिवंत असते, पण मुकी. भाजलं तरी ओरडत नाही. आत पाणी साठलं तरी सांगत नाही."

त्यांनी खणातून दोन वस्तू काढल्या. एक रुंद, मऊ, आवळ पट्टा आणि एक राखाडी रंगाचं कडं.

पट्ट्यात केसाहून बारीक असे हजारो धागे विणलेले होते. कातडीची ऊब, ओढ, ओल आणि तिच्याखालून वाहणारं रक्त, सगळं त्यांना कळायचं. पहिले पट्टे निघाले तेव्हा ते फोनवर आकडे दाखवत आणि घंटा वाजवत. लोकांनी आठ दिवसांत घंटा बंद करून टाकल्या. दवाखान्याला थेट कळवावं, तर माणसाच्या अंगाची बारीकसारीक खबर घराबाहेर जाऊ नये असा कायदा झालेला. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की खबर आकड्यांत सांगायचीच कशाला? जे रुग्णाच्या मुक्या कातडीला कळत नाही, ते घरातल्याच एका माणसाच्या बोलक्या कातडीला कळू दे.

"तुम्ही मिरजेच्या. सितारीच्या तरफेच्या तारा माहीत असतील," डॉक्टर आत्तीला म्हणाल्या.

"न माहीत असायला काय झालं? आमच्या गल्लीत निम्मी दुकानं सितारीचीच होती. वरची तार छेडली की खालच्या तरफेच्या तारा आपोआप बोलतात. त्यांना कुणी हात लावत नाही."

"हे कडं म्हणजे तरफेची तार. पट्टा यांच्या कमरेला, कडं सोबत्याच्या मनगटाला. कमरेचा नकाशा मनगटावर उमटतो. चार-आठ दिवसांत मेंदू शिकतो, की हे इथलं म्हणजे तिथलं."

"आणि तिला भाजलं तर मला भाजणार?"

"नाही. कड्यात उबदार आणि गार अशा बारीक पट्ट्या एकाआड एक आहेत. दोन्ही एकदम लागल्या की मेंदू फसतो, त्याला चटका बसल्यासारखं वाटतं. मनगटावर फोडसुद्धा येत नाही."

"म्हणजे खोटा चटका."

"चटका खोटा, निरोप खरा," डॉक्टर म्हणाल्या. "बाजूला हे चाक आहे. मंद, मध्यम, पूर्ण. बहुतेक लोक हळूच मंदवर आणतात. निदान मध्यमच्या खाली नेऊ नका."

सोबती ओंकारनंच व्हायचं ठरलं होतं. महिनाभर घरून काम करीन म्हणाला होता. डॉक्टरांनी दुसऱ्या एका रुग्णाच्या परवानगीनं त्याच्या पट्ट्याशी कडं जोडून नमुना म्हणून त्याच्या हातात घातलं. ओंकार क्षणभर हसला, मग पांढराफटक पडला आणि कडं ओरबाडून काढून टेबलावर ठेवलं.

"कुणीतरी खोकलं," तो म्हणाला. "सगळे टाके ओढले गेले. मला नाही जमणार, ताई."

आत्तीनं कडं उचललं आणि बांगड्यांच्या मागं सरकवलं. "बायकांना सवय असते," ती म्हणाली.

ऑपरेशन नीट पार पडलं. केतकी घरी आली ती कंबरेत वाकून. नव्यानं शिवलेली कातडी ताणलेली, तेव्हा ताठ उभं राहायचंच नव्हतं. आत्ती आधीच वाकलेली. दोघी हातात हात घालून बोळकांडीत फेऱ्या मारायला लागल्या.

"आता तू माझ्यापेक्षा म्हातारी दिसतेस," आत्ती म्हणायची.

"तू जरा हळू चाल. मला दम लागतो."

"मग कशाला चालतेस? पडून राहा. ओल्या अंगाचं माणूस असं हिंडत नाही."

"मी बाळंतीण नाही, आत्ती."

"पोट फाडलंय, पोट बांधलंय, उठता-बसता कण्हतेस. मूल तेवढं झालेलं नाही."

त्यांची ही भांडणं रोजची. चालण्याच्या बाबतीत केतकी जिंकायची, खाण्याच्या बाबतीत आत्ती. हुलग्याचं माडगं, मुगाचं धिरडं, उकडलेली अंडी. ताट रिकामं झाल्याशिवाय आत्ती उठू द्यायची नाही.

आणि कडं बोलायला लागलं. पहिल्यांदा नुसत्या मुंग्या आल्यासारखं. मग आत्तीला उमगत गेलं, की मनगटाच्या आतल्या बाजूला नाडीपाशी आहे ती पाठ, आणि वर हाडापाशी आहे ते पोट. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता ती हाक मारायची, "डाव्या कुशीवर लोळू नकोस गं," आणि आतून केतकी म्हणायची, "तुला कसं कळलं?" मग दोघी हसायच्या, आणि केतकी हसली की आत्तीच्या मनगटावर टाके ओढले जायचे.

तिसऱ्या आठवड्यात केतकीचं हसणं थांबलं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, की मोठ्या ऑपरेशननंतर मन खाली बसतं. ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची.

"हे पोट माझं वाटतच नाही, आत्ती," ती एका सकाळी म्हणाली. "हात ठेवला की हाताला पोट लागतं. पोटाला हात लागत नाही. परक्याचं काहीतरी बांधून दिल्यासारखं. गार, जड."

ते 'गार' आत्तीच्या काळजाला लागलं. तिला ती थंडी आठवली, केतकीचा जन्म झाला त्या साली पडलेली. केतकीची आई बारीक चणीची, घाबरट. मूल झाल्यावर दोन दिवस नुसती रडत होती. आत्तीनं बाजेखाली शेगडी सरकवली, निखाऱ्यांवर ओवा-शेपा टाकल्या, आणि त्या धुरात ती बाई पहिल्यांदा शांत झोपली. तिच्या कुशीत हीच केतकी होती, शेंगेसारखी.

आत्तीनं माळ्यावरून शेगडी काढवली. गोवऱ्या आता कुठं मिळतात? होमाच्या सामानाच्या दुकानात पाकिटबंद मिळाल्या, वर गाईचं चित्र छापलेल्या. गच्चीवर कुरडया वाळवायची सुंभाची बाज शेजाऱ्याच्या मुलांनी खाली आणून दिली.

"डॉक्टर काय म्हणतील?" केतकीनं विचारलं, पण तिच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं होतं.

"डॉक्टरबाईंच्या आईनंसुद्धा घेतला असेल शेक. नुसती ऊब आहे. तुझ्या आईला फार आवडायचा."

"घे मग," केतकी म्हणाली.

शेगडी पेटवण्याआधी आत्तीनं कडं काढून देव्हाऱ्यापाशी ठेवलं. राख लागेल, असं ती मनाशी म्हणाली. ते निमित्त होतं. कडं पुढच्या तपासणीत चहाडी करील, हे तिला ठाऊक होतं.

ओव्याचा वास घरभर पसरला. केतकी गुडघ्याखाली उशा घेऊन बाजेवर उताणी पडली, डोळे मिटले आणि थोड्याच वेळात तिचा श्वास संथ झाला. तिच्या चेहऱ्यावर आईची कळा आली होती. आत्ती बघत राहिली. मग माडगं हलवायला आत गेली.

परत येताना तिला कडं दिसलं. पोरीला ऊब कशी लागतेय ते आपणही बघावं, तिच्याबरोबर आपणही थोडी घ्यावी, म्हणून तिनं ते हौसेनं मनगटात सरकवलं.

आणि ओरडली.

नाडीपाशी जळता कोळसा टेकल्यासारखं झालं होतं. मनगट तर कोरडं, गार, धड होतं. मग कळलं. धावत जाऊन तिनं उघड्या हातानं शेगडी ओढून काढली. केतकी दचकून जागी झाली.

"काय झालं?"

"तुला पोळत नाही का गं?"

"नाही," केतकी म्हणाली. "मस्त वाटतंय."

पट्टा सोडला तेव्हा पाठीच्या डाव्या बाजूला, टाक्यांच्या रेषेला लागूनच, पुरीएवढा लाल डाग होता आणि त्याच्या मधोमध फोड धरत होता. मऊ पट्ट्यानं ऊब आत धरून ठेवली होती.

डॉक्टर मुजावर रागावल्या नाहीत, हेच आत्तीला जास्त लागलं. त्यांनी जखम धुतली, मलम लावलं, कड्याची नोंद पाहिली.

"कडं काढलेलं होतं."

"मीच काढलं," आत्ती म्हणाली. "शेकही मीच दिला."

"आठ-दहा दिवसांत कळेल ही कातडी जगते की मरते. जगली तर नुसता डाग राहील. मेली तर शिवण उसवेल, पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. आणि ओढून घ्यायला तिथं आता कातडी उरलेली नाही." त्यांनी हातमोजे काढले. "आमच्या रीतीप्रमाणे सोबती बदलायला हवा."

फोनवर बंगळूरहून ओंकार होता. तो म्हणाला, "शिकलेली नर्स ठेवू, ताई. आत्तीला विश्रांती दे."

आत्ती कडं काढायला लागली. तिच्या हाताला भाजल्याची पट्टी होती, त्यामुळं ते लवकर निघेना.

"राहू दे," केतकी म्हणाली.

"अगं, मी तुला भाजलं."

"शेकाला मी हो म्हटलं होतं. पाण्याच्या टाकीवर आमच्याकडं एक म्हणतात, ज्याचा पाय एकदा सटकलाय त्यालाच शिडी धरायला उभा करा. तो डोळे मिटत नाही." ती डॉक्टरांकडं वळली. "नर्स येईल, तिचं काम करील, आणि मला काय होतंय ते तिच्या हाताला कळेल. मला ते आत्तीच्या हाताला कळलेलं हवंय."

डॉक्टरांनी आत्तीच्या मनगटावरचं कडं परत नीट बसवलं.

"कडं आता उतरवायचं नाही. आंघोळीलासुद्धा नाही."

"उतरवलं तर हात कापून घ्या," आत्ती म्हणाली.

"मला आणखी एक ऑपरेशन नको," डॉक्टर म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

घरी येऊन आत्तीनं चाक फिरवलं आणि 'पूर्ण'वर नेलं.

त्यानंतरचे दिवस तिनं दोन कातड्यांत काढले. केतकी शिंकली की तिच्या हातातली वाटी सांडायची. पण या सगळ्यापेक्षा वाईट होता तो ठिपका. नाडीपाशी, चार आण्याच्या नाण्याएवढा, गार. भोवतीचं सगळं कमीजास्त होत राहायचं, तो मात्र तसाच. डॉक्टरांनी समजावलं होतं, की जिथं रक्त पोचत नाही तिथं कडं गार लागतं. तिथं ऊब आली तर कातडी वाचली. बाहेरून लावलेली ऊब कामाची नाही. ती आतूनच यायला हवी.

ऊब देण्यात हयात गेलेल्या बाईला आता उबेची वाट बघत हात बांधून बसायचं होतं.

ती बसली. वेळेवर मलम लावलं, वेळेवर खायला घातलं, न सांगता फेऱ्यांना उठवलं. "आज मीच दमले, तू तरी चाल," असं म्हणायला लागली. केतकी बघायची, की आत्ती बोलता बोलता दुसऱ्या हाताची बोटं मनगटावर ठेवते.

"काय म्हणतोय ठिपका?"

"गप्प आहे."

"माझ्यासारखाच."

"तू कुठं गप्प आहेस? सकाळपासून तोंड चालू आहे." आणि हे खरं होतं. आत्तीला धीर द्यायच्या नादात केतकी भिंतीकडं तोंड करायची विसरून गेली होती.

एका दुपारी आत्ती खिडकीशी मूग निवडत बसली होती. सूप हलवता हलवता तिचा हात थांबला. ठिपक्याच्या कडेला काहीतरी हललं होतं. भास असेल म्हणून तिनं श्वास रोखला. नाही. गार नाणं कडेनं विरघळत होतं आणि आत, अगदी मधोमध, एक बारीक ठोका पडत होता. तिच्या स्वतःच्या नाडीचा ठोका शेजारीच होता, सावकाश, म्हातारा. हा वेगळा होता, जरा भरभर चालणारा.

तिनं हाक मारली नाही. सूप बाजूला ठेवलं आणि दुसरा तळवा कड्यावर झाकून धरला, वाऱ्यातल्या दिव्याला आडोसा करतात तसा. मूग खिडकीतल्या चिमण्यांनी अर्धे नेले.

कडं पावसाळा संपताना उतरलं. त्याची एक रीतच होती. डॉक्टर कडं बंद करत, रुग्णानं डोळे मिटायचे आणि सोबत्यानं हात लावायचा. कुठं लागला ते रुग्णानं सांगायचं.

गेले काही आठवडे केतकीला मुंग्या येत होत्या, खाज सुटत होती. नसा मोहरीच्या दाण्यानं पुढं सरकत होत्या. कमरेभोवतीचा वण गुलाबी झाला होता आणि पाठीवर पुरीएवढा तपकिरी डाग राहिला होता. आत्तीनं पोटाला हात लावला.

"पोट. उजवीकडं," केतकी म्हणाली.

कुशीला लावला.

"कूस."

मग आत्तीनं तळवा त्या डागावर ठेवला. केतकी काहीच बोलेना. डॉक्टरांनी मान वर केली. आत्ती सवयीनं मनगटाकडं बघायला लागली, पण कडं बंद होतं. तिथून काहीच कळणार नव्हतं.

"आत्ती," केतकी डोळे मिटूनच म्हणाली, "तुझा हात किती गार आहे गं. जरा शेकून तरी यायचं."

डॉक्टरांनी कडं काढून घेतलं. रस्त्यानं जाताना आत्ती रिकामं मनगट चोळत राहिली. बांगड्यांच्या मागं ते हलकं हलकं, कुणीतरी गावाला गेल्यासारखं वाटत होतं.

त्याच महिन्यात केतकी कामावर रुजू झाली. पहिल्या दिवशी आत्ती हट्टानं बरोबर गेली आणि जुन्या टाकीच्या पायथ्याशी छत्री टेकून उभी राहिली. केतकी दोन्ही हातांनी शिडी धरून वर गेली, न थांबता. वरच्या कठड्याशी ती उभी राहिली तेव्हा वाऱ्यानं तिचा कुडता अंगाला चिकटला होता.

आत्तीनं मनगट दाबून पाहिलं. त्याला काही ठाऊक नव्हतं. मग तिनं आपली तोंडानंच विचारायची जुनी पद्धत काढली.

"वर वारा आहे का गं?"

"आहे," केतकी वरून म्हणाली. "पोटाला लागतोय."